लिस्बन: १२ जूनला लग्नाचा वाढदिवस, बायको शाकाहारी, फादोच्या घरी जेवायला न्यावं का?

गोदाकाठचा

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं गेल्या ऑक्टोबरपासून लिस्बनला आहोत. मूळचे नाशिकचे. १२ जूनला लग्नाला पाच वर्षं होतील. आजवरचे सगळे वाढदिवस नाशकातच झाले. म्हणजे माझे आईबाबा, तिचे आईबाबा, मावशी, मावशीच्या नणंदा, आणि कॉलेज रोडवरच्या हॉटेलात बारा माणसांचं टेबल. नवराबायको टेबलाच्या दोन टोकांना. दोघंच बाहेर जेवायला असं आम्ही नीट कधी गेलेलोच नाही म्हटलं तरी चालेल.

यंदा कुणी नाही. म्हणून मनात आलं की अल्फामात, म्हणजे इथल्या एका जुन्या वस्तीत, फादो हे इथलं पारंपरिक हळवं गाणं आणि जेवण एकत्र असतं अशा 'फादोच्या घरी' न्यावं. ऑफिसातले पोर्तुगीज लोक म्हणतात, छान असतं, पण महाग. वेबसाइटवर 'कोंसूमु मीनिमु' असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे माणशी किमान इतकं बिल करायचंच. बरोबर ना? पन्नासच्या पुढे युरो माणशी बघितले मी.

अडचण अशी की बायको पक्की शाकाहारी आहे. अंडं केकमध्ये असलं तर चालतं, समोर दिसलं तर नाही. आणि इथलं जेवण म्हणजे मासा, नाहीतर डुक्कर. एवढे पैसे देऊन तिच्या पुढ्यात लेट्यूसची पानं आली तर संध्याकाळ तिथेच संपेल.

अजून एक. तिच्याशी मला जरा निवांत बोलायचं आहे. माझं कंत्राट आणखी दोन वर्षांसाठी वाढवून मिळतंय, आणि राहायचं की परतायचं हा विषय घरी काढला की नेमका नाशिकहून व्हिडिओ कॉल येतो. म्हटलं बाहेर, मेणबत्ती वगैरे, तिथे बोलू. हे सगळं तिला न सांगता ठरवतोय.

तर जावं का? कुठे? कपडे काय? टिप किती? अनुभवी लोकांनी सांगा.

चिंचवडी

आम्ही मागच्या वर्षी आठवडाभर फिरायला गेलो होतो. फादोचं माहीत नाही, पण एक सांगतो. बसल्याबसल्या पाव, ऑलिव्ह, लोणी आणि चीजची छोटी वाटी आणून ठेवतात. आपल्याला वाटतं पापड-लोणच्यासारखं फुकट असेल. बिलात सगळं लागलं. चीजचे पैसे तर भाजीपेक्षा जास्त. आम्ही हात न लावलेलं लोणीसुद्धा लावलं होतं. भाषा येत नाही, काय भांडणार? दिले आणि आलो. सावध राहा.

म्हापशेकरीण

गोदाकाठचे भाऊ, आधी तारीख बघा. १२ जून! तुम्हाला ऑफिसातल्या कुणी सांगितलं नाही?

१२ जूनची रात्र म्हणजे लिस्बनची सांतु आंतोनियुची, त्या संताच्या सणाची रात्र. १३ला शहराला सुट्टी. अख्खं लिस्बन रस्त्यावर असतं, आणि त्यातलं निम्मं तुम्ही म्हणताय त्या अल्फामात. प्रत्येक दारापुढे शेगडी, शेगडीवर सार्डिन, वर धूर. गल्ली दोन हात रुंद, त्यात हजार माणसं, हातात बियर, आणि कर्ण्यावर जी गाणी लावतात ती फादो नव्हेत, लग्नाच्या वरातीत वाजतील अशी. मला स्वतःला ती रात्र फार आवडते. मी मासेखाऊ आहे. पण शाकाहारी बायकोला पाचव्या वाढदिवसाला, नवी साडी नेसवून, तिथे नेऊ नका. माशाचा वास साडीतून गणपतीपर्यंत जाणार नाही.

मी इथे बरीच वर्षं आहे. म्हापशाची. वडिलांचा जन्म ६१च्या आधीचा, पोर्तुगीज गोव्यातला, त्यामुळे कागदपत्रं झाली आणि आम्ही आलो, तशी गोंयची पुष्कळ माणसं आली. त्यातली काही वर्षं मी अल्फामातल्याच एका फादोच्या घरात स्वयंपाकघरात काम केलं. तेव्हा तुम्ही बाहेरून बघता ते मी आतून बघितलंय. ते सांगते, मग ठरवा.

फादोच्या घरी गाणं अखंड चालत नाही. एक गाणारा किंवा गाणारी येते, तीन-चार फादो म्हणते, पंधरा-वीस मिनिटं. मग विसावा. मग दुसरी. साथीला दोन वाद्यं: बारा तारांची, पेरूच्या आकाराची पोर्तुगीज गितार्रा, आणि दुसरी साधी गिटार, तिला इथे व्हियोला म्हणतात. गाणं सुरू व्हायच्या आधी दिवे मंद होतात आणि कुणीतरी शांत राहायला सांगतं. ते सांगणं शोभेपुरतं नसतं. त्या वीस मिनिटांत वाढपी हलत नाही, काटा वाजलेला चालत नाही, स्वयंपाकघराचं दार बंद. शेजारच्या टेबलावर कुणी कुजबुजलं तर लोक मान वळवून बघतात. मी एका गाणाऱ्या बाईंना मध्येच थांबून, टेबलाकडे बघत, ते गप्प होईपर्यंत उभ्या राहिलेल्या बघितलंय. ते टेबल मग रात्रभर गप्प होतं.

आत आमची काय गत? ताटं तयार, पण बाहेर जाता येत नाहीत. दिव्याखाली ठेवायची. विसावा झाला की वीस टेबलांना एकदम वाढायचं, पंधरा मिनिटांत, की पुन्हा दार बंद. म्हणून तिथे काय चांगलं लागतं? जे थांबलं तरी बिघडत नाही ते. सूप, क्रीममध्ये भाजलेला बाकल्याव (खारवलेला कॉड मासा), शिजलेलं मांस. आणि शाकाहारी माणसाला काय देतात? मशरूमचा रिझोत्तो, म्हणजे इटालियन पद्धतीचा मऊ भात. रिझोत्तो हा असा पदार्थ की दहा मिनिटं थांबला की खळ होतो. एवढ्या पैशात खळ.

आता तुमची दुसरी गोष्ट. तुम्हाला बायकोशी बोलायचंय. राहायचं का जायचं. अहो, मग फादोला जेवायला जाताच कशाला? जिथे बोललं तर लोक डोळे वटारतात तिथे बसून तुम्ही दोन वर्षांच्या कंत्राटाचं बोलणार कधी? वीस मिनिटं गप्प, पंधरा मिनिटं घाईत जेवण, परत गप्प. आणि फादो ऐकून झाल्यावर माणूस हिशोबाचं बोलायच्या मनःस्थितीत राहत नाही. गाणं चांगलं असेल तर वहिनी रडतील, तुम्हीही रडाल, आणि त्या भरात परतीचं तिकीट काढाल.

जेवण वेगळं करा, गाणं वेगळं करा. एवढंच माझं म्हणणं.

जेवायला वर प्रींसिपे रेआलला जा. त्या भागात नुसत्या शाकाहारी जागाही आहेत, आणि जिथे मासेमांस मिळतं तिथेही शाकाहारी म्हटल्यावर कुणी दचकत नाही. साडेसातला टेबल घ्या. पोर्तुगीज माणूस आठच्या आधी जेवायला येत नाही, त्यामुळे पहिला अर्धा तास जागा तुमचीच. बागेत एक जुना सीडर आहे, त्याच्या फांद्या लोखंडी मांडवावर टेकवल्यात, मांडवाखाली बाकं आहेत. जेवायच्या आधी तिथे बसा. जेवून झाल्यावर सरळ खाली चालत सांव पेद्रु द अल्कांतराच्या कठड्यापाशी या, फार लांब नाही. जूनमध्ये सूर्य नऊनंतर मावळतो. समोरच्या टेकडीवर किल्ला, खाली रॉसियु चौकाचे दिवे. बोलायचं ते ताटावर नाहीतर इथे बोलून घ्या.

मग रस्ता ओलांडला की बाइर्रु आल्तु. तिथल्या गल्ल्यांत लहान फादोच्या जागा आहेत, जिथे एखादा ग्लास घेऊन उशिरा बसता येतं. रुआ दु दियारियु द नोतीसियशमध्ये ताश्का दु शिकु आहे, फार प्रसिद्ध आणि फार लहान, बाहेर रांग असते. ह्याला फादो व्हादियु म्हणतात. म्हणजे पगारी गवई नाही, गल्लीतला टॅक्सीवालाही उठून गातो. मला तर कधीकधी हेच जास्त आवडतं. अल्फामातल्या काही मोठ्या घरांतसुद्धा जेवणाची वेळ सरल्यावर, अकराच्या सुमाराला, नुसत्या पेयावर बसू देतात. फोन करून विचारायचं. आणि ऐन रात्रीच तिथे खरं गाणं होतं, पर्यटकांच्या बस गेल्यावर. आमच्या शेफचं जेवण आटोपलं की दार उघडं ठेवून आम्ही तेच ऐकायचो.

पण हे सगळं १२ला नाही. ११ला किंवा १४ला करा. १२ला बाइर्रु आल्तुही तुंबलेलं असतं, आणि आव्हेनीदा दा लिबर्दादवर मार्शश, म्हणजे वाड्यावाड्यांच्या मिरवणुका. १९३२पासून चालू आहेत. रस्ता बंद, टॅक्सी नाही.

चिंचवडी, तुमचं ऐकून राग आला. त्या पावाला-ऑलिव्हला इथे कुव्हेर म्हणतात. कायदा असा की मागितलं नाही आणि हात लावला नाही तर पैसे घेता येत नाहीत. नको असेल तर "नांव केरेमुश, ओब्रिगादु" म्हणून लगेच परत पाठवायचं. ऐकलं नाही तर 'लीव्रु द रेक्लामासोंइश' मागायचं, तक्रारवही. प्रत्येक हॉटेलात ती ठेवावीच लागते, आणि त्यातलं पान सरकारकडे जातं. बहुतेक वेळा वही मागितली की लोणी बिलातून आपोआप निघतं.

दोउरोकाठी

म्हापशेकरीणताईंशी निम्मा सहमत. १२ तारखेबद्दल पूर्ण. आम्ही पोर्तोत असतो, इथे हाच गोंधळ २३ जूनला सांव जुआंवच्या रात्री. इथे तर लोक एकमेकांच्या डोक्यात प्लास्टिकचे हातोडे मारतात. माझ्या सासूबाई त्या वेळी आल्या होत्या, त्यांनी दुसऱ्या दिवशी आमच्या शेजाऱ्यांना ओळख दाखवली नाही.

पण बोलता येत नाही म्हणून फादोचं जेवण नको, हे पटत नाही. नवराबायको बोलतातच की, रोज. भाजी काय आणू, वीजबिल भरलं का, आईचा फोन आला होता. तीन तास बळजबरीनं गप्प बसणं हीच चैन आहे. आम्ही लिस्बनला अल्फामातल्या एका घरी गेलो होतो, पूर्वीचं चॅपल, भिंतीभर निळ्या टाइल्स, टेबलं अगदी खेटून. जेवण बरं होतं, आठवत नाही. गाणाऱ्या बाई माइकशिवाय, हातभर अंतरावर, काळी शाल घेऊन उभ्या होत्या. बायकोनं माझा हात धरला तो बिल येईपर्यंत सोडला नाही. आमच्याकडे हे रोज घडत नाही हो.

कंत्राटाचं रविवारी चहावर बोला.

म्हापशेकरीण

दोउरोकाठी, तुम्ही मासेखाऊ ना? म्हणून जेवण आठवत नाही. उपाशी राहिला असतात तर आठवलं असतं!

ती काळी शाल मारिया सेव्हेराच्या आठवणीची म्हणतात. मोरारियातली, १८४६ साली सव्विसाव्या वर्षी गेली. मोरारिया म्हणजे आज जिथे आपण मार्तीं मोनीजला हळद, मुगाची डाळ आणि कढीपत्ता आणायला जातो तोच वाडा. फादो तिथला. लोक अल्फामा अल्फामा करतात.

सायली_कोइंब्रा

मी कोइंब्राला पीएचडी करतेय. इथला फादो निराळा, विद्यार्थ्यांचा. काळे झगे घालून मुलगेच गातात, आणि आवडलं तर टाळ्या वाजवायच्या नाहीत, घसा खाकरायचा. माझे बाबा आले होते तेव्हा त्यांना खरंच खोकला होता, त्यांना फार रसिक समजले सगळे.

दादा, एक बायकांच्या बाजूनं सांगू? सरप्राइज ठेवू नका. निदान अर्धं तरी सांगा. शाकाहारी माणसाला अचानक कुठेतरी नेऊन बसवणं म्हणजे तिनं रात्रभर वेटरला प्रश्न विचारायचे आणि तुम्ही वाईट तोंड करायचं. मी स्वतः शाकाहारी आहे. इथे 'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर 'मग ट्यूना देऊ का?' असं प्रेमानं विचारतात. हॅमला तर मांस धरतच नाहीत. तिला मेन्यू आधी बघू द्या. तिनंच निवडलं तर ती निवांत जेवेल.

सरकारी कँटीनमध्ये २०१७च्या कायद्यानं शाकाहारी पर्याय ठेवावाच लागतो, त्यामुळे माझं विद्यापीठात निभतं. हॉटेलांना तो लागू नाही.

आणि चपला! लिस्बनच्या फुटपाथचे ते पांढरे चुनखडीचे छोटे दगड झिजून काचेसारखे झालेत. उतारावर टाचेचे सँडल म्हणजे पाय गेलाच. साडी नेसणार असेल तर खाली सपाट काहीतरी. हे तिला आदल्या दिवशी कळलं तर उपयोग, जिन्यावर नाही. पैठणी असेल तर मला फोटो हवाय.

गोदाकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. तारखेचं वाचून मी ऑफिसात विचारलं. सगळे म्हणाले, अरे आम्हाला वाटलं तुला माहीत आहे, म्हणूनच १२ निवडली असशील! एकीनं तर सांगितलं की सांतु आंतोनियु लग्न जुळवणारा संत आहे आणि त्याच दिवशी लिस्बनच्या कॅथीड्रलमध्ये गरजू जोडप्यांची लग्नं लागतात. हे खरं आहे का?

सायलीताईंचं ऐकून बायकोला सांगून टाकलं. ती म्हणाली, मला आठवडाभर वाटतच होतं, कारण तू लॅपटॉपचा पडदा माझ्यापासून फिरवून बसतोस. मेन्यू तिनं ताब्यात घेतलाय. १४ला प्रींसिपे रेआल, पावणेआठचं टेबल. मग फादो, पण अल्फामात नाही, बाइर्रु आल्तुत. दोउरोकाठी, तुमचं चॅपल पुढच्या वर्षी, कारण तेवढे पैसे देऊन उपाशी गप्प बसायची तिची तयारी नाही, हे तिचे शब्द.

आता म्हापशेकरीणताई, दोन शंका. एक, तिथे शाकाहारी जेवण मिळेल हे ठीक, पण तिला काहीतरी पोर्तुगीजही खायचं आहे. ती म्हणते, आठ महिने ह्या देशात राहून मी फक्त पास्ता खाल्ला. काय मागवू? दोन, १२ तारखेला मग काय करायचं? घरी बसून खिचडी?

म्हापशेकरीण

वहिनी मला आवडल्या.

आधी खाणं. 'पैशीन्युश दा ओर्ता' असतील तर पहिलं तेच मागवा. नावावरून छोटे मासे वाटतील, घाबरायचं नाही. आपल्या फरसबीची भजी ती, मैद्याच्या पिठात बुडवून तळलेली. सोळाव्या शतकात हीच भजी पोर्तुगीज लोक जपानला घेऊन गेले आणि तिथे तेंपुरा झाली, असं सांगतात. कधीकधी पिठात अंडं असतं, पण दिसत नाही, तेव्हा तुमच्या नियमात बसेल. त्याच तव्यात मासे तळतात का एवढं विचारून घ्या.

चीज नक्की घ्या, आणि ते मागून घ्या, कुव्हेरमधलं नको. सेर्रा दा इश्त्रेला आणि अझैतांव ही दोन चीजं मेंढीच्या दुधाची, आणि दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट घालत नाहीत, रानटी आर्टिचोकसारख्या एका काटेरी झाडाचं जांभळं फूल भिजवून त्याचं पाणी घालतात. मला हे कळल्यावर मी माझ्या सोवळ्या आत्याला फोन करून सांगितलं होतं. अझैतांवचं लहान गोल चीज येतं, वरची चकती कापून काढायची आणि आतलं चमच्यानं खायचं, दोघांत एकच. सोबत मोश्कातेल द सेतूबाल, गोड वाइन, त्याच परिसरातली. वाइन घेत असाल तर.

काल्दु व्हेर्द सूप दिसेल, हिरव्यागार पानांचं आणि बटाट्याचं. छान लागतं, पण वर शोरीसूची चकती असते, म्हणजे डुकराचं सॉसेज. "सेम शोरीसू" म्हटलं की काढतात, पण खालचं पाणी मांसाचं असू शकतं. तेव्हा विचारायचं: "लेव्हा कार्न?" (मांस आहे का?) आणि "लेव्हा पैश?" (मासा आहे का?) दोन्ही वेगवेगळं विचारायचं, कारण कार्नमध्ये मासा धरत नाहीत.

गोडात जपायचं. लोक समजतात गोड म्हणजे सुरक्षित. पुदीं आबाद द प्रीश्कुश नावाचं पुडिंग आहे, त्यात डुकराची चरबी घालतात, खरंच. 'तोसीन्यु दु सेऊ' ह्या गोडातही ती असू शकते, विचारल्याशिवाय नको. बाकी बहुतेक गोड पदार्थ अंड्याच्या पिवळ्या बलकाचे, जुन्या मठांतले. पिवळंजर्द दिसतं, पण अंडं असं दिसत नाही! भाजलेलं सफरचंद, 'मासां आसादा', कुठेही मिळतं, ते बरं.

टिपेचं विचारलं होतं. सक्ती नाही. खूश असाल तर पाच-दहा टक्के ठेवा, नसाल तर सुटे ठेवा. कर दरातच धरलेला असतो, शेवटी वाढत नाही. फादोला जाताना खिशात थोडी रोख ठेवा. लहान जागी भारतातलं कार्ड काय, कधीकधी कुठलंच कार्ड घेत नाहीत, किंवा फक्त इथल्या बँकेचं. गाणं संपल्यावर टाळ्या बिनधास्त वाजवा. फार आवडलं तर लोक "आ फादिश्ता!" असं ओरडतात, तुम्हीही ओरडा. ओरडणारा नाशिकचा आहे म्हणून कुणी अडवणार नाही. आपल्या गोंयच्या सोनिया शिरसाट फादो गातात, लिस्बनला येऊनही गायल्यात, तेव्हा आम्ही काही तिथे परके नाही.

आता १२ तारीख. खिचडी कशाला? लग्नांचं खरं आहे. कॅथीड्रलला इथे 'से' म्हणतात. दरवर्षी त्या दिवशी सोळा जोडप्यांची लग्नं लागतात, खर्च महापालिका आणि दुकानदार मंडळी उचलतात. १९५८ला सुरू झालं, ७४च्या क्रांतीनंतर बरीच वर्षं बंद होतं, मग पुन्हा सुरू केलं. काही जोडप्यांचं चर्चमध्ये, काहींचं नोंदणी पद्धतीनं पालिकेत. दुपारी 'से'च्या बाहेर उभं राहिलात तर नवऱ्या बाहेर पडताना दिसतात, एकामागून एक, पांढऱ्या झग्यात. वहिनींना न्या. तुमच्याच लग्नाच्या तारखेला सोळा लग्नं, अक्षता टाकायला मिळणार नाहीत इतकंच. शेजारीच सांतु आंतोनियुचं लहान देऊळ आहे. देऊळच म्हणते मी. तो पादुआचा म्हणून जगात प्रसिद्ध, पण जन्म इथला, त्याच जागेवर. लग्न जमेना की पोरी त्याची मूर्ती उलटी टांगायच्या. आम्ही गोंयकार २४ला सांजांवला विहिरीत उड्या मारतो, त्या मानानं हे सौम्य आहे.

आणि मांजेरीकु घ्या. हे विसरू नका. त्या आठवड्यात रस्त्यारस्त्यांवर मिळतो. लहान कुंडी, त्यात चेंडूसारखं गोल, बारीक पानांचं झाड, वर कागदी कार्नेशन खोचलेलं आणि काडीला चिठ्ठी, चिठ्ठीत चार ओळींची कविता. प्रियकरानं प्रेयसीला द्यायचा, ही इथली जुनी रीत. कविता बहुधा चावट असते, आधी कुणाकडून तरी वाचून घ्या. झाड तुळशीच्याच कुळातलं आहे. पण नाक लावून वास घ्यायचा नाही, मग झाड मरतं म्हणतात. तळहात वरून फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा. संध्याकाळी सहाच्या आत घरी परत. त्यानंतर मेट्रोत सार्डिन खाल्लेली माणसं चढतात.

सायली_कोइंब्रा

मांजेरीकुचं मला माहीतच नव्हतं! इथे कोइंब्रात मिळेल का? मला कुणी देणारं नाही, मीच घेईन.

गोदाकाठचा

ताई, हे तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुळशीच्या कुळातलं असेल तर बाल्कनीत ठेवून दिवा लावता येईल का ते विचार. आणि झाड किती दिवस टिकतं? आमच्याकडे ऊन फक्त सकाळी येतं. कंत्राटाचा विषय मी १४लाच काढणार आहे, ताटावर, तुम्ही सांगितलं तसा.

म्हापशेकरीण

दिवा लावा की, कोण अडवतंय. मी लावते. शेजारीण पहिल्या वर्षी विचारायला आली होती, आता तीच आठवण करते.

सकाळचं ऊन पुरे. पाणी वरून ओतायचं नाही, बशीत घालायचं, खालून पितं. ते वर्षाचंच झाड आहे, थंडी पडली की जातं. ऑगस्टमध्ये फुलं दिसायला लागली की खुडत राहा, नाहीतर लवकर आटोपतं. बी सुकवून ठेवलं तर पुढच्या मार्चमध्ये पेरता येतं.

सायली, कोइंब्राच्या मंडईत जूनच्या पहिल्या आठवड्यात बघ. नाही मिळालं तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, आमच्या ओदिव्हेलासला ढीग असतात, पोस्टानं नाही पण कुणाबरोबर तरी पाठवीन.

भाऊ, १४चं टेबल फोन करून पक्कं करा आणि तेव्हाच सांगा: "उमा पेसोआ व्हेजेतारियाना, सेम कार्न, सेम पैश." नुसतं ऑनलाइन लिहून ठेवलेलं स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही, हे मी तिथे उभी राहून बघितलंय.